काळ्या पट्ट्यांचा नायनाट कसा करावा

घरी बघायच्या आवृत्तीसाठी सिनेमे कापण्याच्या धंद्यात उतरू पाहणाऱ्या होतकरूंनो, गेल्या रविवारी तुमच्याच एका ज्येष्ठ बंधूची कामगिरी पाहिली आणि भारावून गेलो. कित्येक वर्षं शोधत होतो तो सिनेमा एकदाचा ब्लू-रे डिस्कवर आला. वेष्टनावर सोनेरी अक्षरांत 'नव्याने सुधारित'. नामावली सुरू झाली तेव्हा चित्र छान लांबरुंद, वर-खाली काळ्या पट्ट्या. दिग्दर्शकाचं नाव येऊन गेलं आणि खटकन पट्ट्या गायब! चित्र फुगून पडदाभर, दोन्ही बाजू पडद्याबाहेर. नावं कापली तर लोक भांडायला येतात, माणसं कापली तर कोण विचारतंय?

तेव्हा या बंधूंना गुरुस्थानी मानून तुमच्यासाठी चार शब्द.

आधी गणित पक्कं करा. सिनेमास्कोपचं, म्हणजे थेटरातल्या लांबरुंद पडद्याचं, चित्र उंचीच्या २.३५ पट रुंद, पुढे २.३९ पट. जुना टीव्ही १.३३ पट. उंची जुळवून बाजू छाटल्या की २.३५ मधलं ४३ टक्के चित्र कचऱ्यात. आताचा टीव्ही १६:९, म्हणजे १.७८. त्यात २.३९ चा जेमतेम पाव हिस्साच जातो, त्यामुळे तुमच्या धंद्याला जरा मंदी आहे. पूर्वीच्या लोकांची मजा होती. १९५९ चा 'बेन-हर' २.७६ पट रुंद. जुन्या टीव्हीत तो निम्माही मावत नाही. रथांची शर्यत आली की रथ ठेवायचे की घोडे, एवढंच ठरवायचं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत असं आपल्याकडे म्हणतात. तुम्ही पाय मोजा आणि उरलेले कापा.

काळी पट्टी दिसली की बघणाऱ्याला वाटतं, तिच्यामागे चित्र दडवलंय आणि आपले पैसे बुडाले. हा गैरसमज जिवापाड जपा. तुमची चूल त्यावर पेटते.

आता मुख्य कसब. दोन माणसं चित्राच्या दोन टोकांना असली की काय करायचं? माझ्या त्या सिनेमात असाच प्रसंग आहे. दोन भाऊ वडिलांना पोचवून परत आलेत. लांब बाकाच्या दोन टोकांना बसलेत. मधोमध बाकावर वडिलांची टोपी. कॅमेरा हलत नाही, कुणी बोलत नाही. थोरला टोपीकडे एकटक बघतोय, धाकटा तिच्याकडे बघायचं टाळतोय. थेटरात हे पाहिलं तेव्हा मागच्या रांगेतलं खोकणंसुद्धा थांबलं होतं.

बंधूंनी काय केलं? डावीकडे एक गुडघा ठेवला. उजवीकडे एक कोपर. मधोमध टोपी, अगदी विणीचा धागा न् धागा दिसेल इतकी स्पष्ट. थोड्या वेळाने कोपर हलतं. म्हणजे धाकटा रडतोय. हे मला कळतं, कारण मी ते आधी पाहिलंय. नव्याने बघणाऱ्याला वाटेल टोपीची जाहिरात चाललीय. मग बहुतेक बंधूंना कुणीतरी सांगितलं असावं की नट दिसायला हवेत, म्हणून चित्र सरकू लागतं. यालाच पॅन अँड स्कॅन म्हणतात बरं का, शब्द लिहून घ्या. बाकावरून, टोपीवरून, धाकट्याच्या नाकापर्यंत. तिथे क्षणभर थांबून परत थोरल्याकडे. अहो, कॅमेरा हलत नाही हाच तर तो प्रसंग आहे! छायालेखकाने तो बाक मोजूनमापून लांब ठेवलाय. मधली रिकामी जागा म्हणजे त्या दोघांमधली वीस वर्षं आहेत, आणि तुम्ही तिच्यावरून हात फिरवताय, धूळ पुसल्यासारखा. कुणी अधिकार दिला?

असो. चिडायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

इतिहास विचारला तर अभिमानाने सांगा. लोक घरी टीव्हीसमोर बसू लागले, थेटरं ओस पडायला लागली, म्हणून १९५३ मध्ये 'द रोब' घेऊन सिनेमास्कोप आला. घरच्या पेटीत कधीच मावणार नाही असा पडदा, हीच त्याची ऐट. त्याच वर्षीचा सिनेमास्कोप पट 'हाऊ टू मॅरी अ मिलियनेअर' १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीने शनिवारी रात्री त्याच पेटीत दाखवला. आठ वर्षांत शत्रूच्या घरी पाणी भरायला.

जुना, चौकोनी सिनेमा हाती आला तर बाजूंना कापायला काही नसतं. तिथे डोकी कापा.

काही सिनेमे तर फिल्मवर उंच चौकटीतच टिपलेले असतात आणि थेटरात वर-खाली झाकून दाखवतात. तिथे झाकण काढलं की झालं. वरून लोंबणारा माइक दिसला तर 'यात जास्त चित्र मिळतं' असं सांगा.

फोन उभा धरणाऱ्यांची सोय बघा. ९:१६ मध्ये २.३९ चं पाव चित्रही उरत नाही. एक भाऊ पुरे.

उंटावरच्या शहाण्याने रांजण वाचवायला वासराचं मुंडकं उडवलं आणि मग रांजणही फोडायला लावला. तुमच्या बंधूंनी निदान रांजण तरी शाबूत ठेवलाय.

आता सरळच बोलतो, सोंग पुरे झालं. कापायचंच असेल तर वेष्टनावर ठळक अक्षरांत लिहा. मागच्या बाजूला, बारकोडखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत नाही. 'सुधारित' लिहायला तर लाज वाटायला हवी. डीव्हीडीच्या सुरुवातीच्या काळात एकाच डिस्कच्या दोन बाजूंना दोन्ही आवृत्त्या द्यायचे, हे जमत होतं. आज का जमत नाही? आणि पट्ट्या खुपतात त्यांच्या हातातल्या रिमोटवर झूमचं बटण आहे. त्यांनी ते दाबावं, मारुतीच्या शेपटाएवढं चित्र ओढावं, माझी ना नाही. कापलेला भाऊ परत जोडायचं बटण कुठल्या रिमोटवर आहे ते मला दाखवा. उंची दोन पट्ट्यांनी कमी झाली तर तुमचं काही जात नाही. बाजू छाटल्या की सिनेमाच जातो. हे कळायला छायालेखक असावं लागत नाही, डोळे असले तरी पुरतात.

मी ती डिस्क परत पाठवली. सोबत पत्र, बाकाचं हाताने काढलेलं चित्र, दोन्ही भाऊ जागच्या जागी. बारा दिवसांनी डिस्क तशीच परत आली. आत छापील चिठ्ठी होती: तपासणीत दोष आढळला नाही, चित्र संपूर्ण पडदा व्यापते.