दुखल्यास द्यावे

आज दुपारी भाचीच्या घरी जाऊन आलो. तिच्या तीन वर्षांच्या मुलाचे जांघेतल्या हर्नियाचे ऑपरेशन सकाळी झाले आणि जेवणाच्या वेळेपर्यंत त्याला घरीही सोडले. डिस्चार्जच्या कागदावर पॅरासिटामॉलच्या सिरपपुढे फक्त ‘एसओएस’ लिहिले होते, म्हणजे दुखल्यास द्यावे. बाटलीचे सीलही कोणी फोडले नव्हते, कारण त्याचे आजोबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "वाघ आहे आमचा, एकदाही रडला नाही."

कसा रडेल? मुलाला पूर्ण भूल दिल्यावर भूलतज्ज्ञ अनेकदा माकडहाडाजवळ एक इंजेक्शन देतात, त्याने टाक्यांची जागा चार-सहा तास बधिर राहते. कौतुक त्या इंजेक्शनचे करायला हवे. त्याचा असर उतरतो तो घरी आल्यावर, आणि तेव्हा हाताशी असतो तो हा कागद.

माझ्या मुलाचे हेच ऑपरेशन तो अडीच वर्षांचा असताना झाले. रात्री सिस्टर म्हणाल्या, "रडला तर सांगा." तो रडलाच नाही. गुडघे पोटाशी घेऊन, लाल ट्रक छातीवर धरून छताकडे बघत पडून होता, आणि मी मूर्खासारखा चार जणांना फोन करून त्याच्या शहाणपणाचे कौतुक सांगत होतो. एरवी झोपेतही ज्याची चाके फिरवायचा, तो ट्रक त्याने रात्रभर हलवला नव्हता. पहाटे त्याच्या आईने ओली चड्डी बदलायला पाय सरळ केला, तेव्हा जी किंकाळी फुटली ती आजही कानात आहे.

लहान मुलांची वेदना मोजायची फ्लॅक नावाची एक साधी पद्धत आहे. तीत चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत घातल्यावर शांत होणे या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देतात. रडणे हा पाचातला एक भाग झाला. पोटाशी घेतलेले गुडघे आणि न हललेला ट्रक मला दिसत होते, फक्त ते वाचता आले नाहीत.

नवजात बाळांना वेदना नीट जाणवत नाहीत, असे 1980च्या दशकापर्यंत अनेक डॉक्टरही मानत. इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. कन्वलजित आनंद यांनी ऑक्सफर्डला केलेले संशोधन 1987 साली प्रसिद्ध झाले, त्यानंतर हा समज हलू लागला. आपल्या घरांत तो अजून ठाण मांडून आहे, आणि मुलगा असला की त्यावर ‘वाघा’चे कातडेही चढते.

औषधाचा अतिरेक यकृताला घातक असतो, हे मान्य. म्हणूनच मात्रा वजनावर ठरते: साधारणपणे किलोमागे 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांत सहा तासांचे अंतर, दिवसात चारच वेळा. सिरपही 120 आणि 250 मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीचे मिळते, त्यामुळे ‘एक चमचा’ या मापाला काही अर्थ नाही.

भाचीने माझ्यासमोर डॉक्टरांना फोन लावला. ते लगेच म्हणाले, "हो, दोन दिवस दर सहा तासांनी द्या की!" मग हे कागदावर लिहायला काय झाले होते?

असो. आजोबांवर राग नाही. त्या रात्री मीही तेच करत होतो. आत्ता भाचीचा फोन आला होता, "मामा, झोपलाय, रात्री दोनला उठवू का?" म्हटले, आजची रात्र उठव. दोनचा गजर मीही लावला आहे.