बाग शेवटी लावली जात नाही: कॉर्नेलिया ओबरलँडर यांच्याविषयीच्या एका समजाचा प्रतिवाद

कॅनडातील लँडस्केप आर्किटेक्ट (बागा आणि मोकळ्या जागांच्या रचनाकार) कॉर्नेलिया हान ओबरलँडर (१९२१–२०२१) यांच्या कामाबद्दल एक मत वारंवार पुढे पाठवले जाते. त्याचा आशय थोडक्यात असा: इमारती आर्थर एरिक्सन, मोशे सफदी यांच्यासारख्या मोठ्या वास्तुरचनाकारांच्या, बाईंनी त्या उभ्या राहिल्यावर भोवती झाडे लावली, त्यांच्या बागा, विशेषतः छतावरच्या, म्हणजे काँक्रीटवर चढवलेला हिरवा मुलामा, आणि उरलेले काम म्हणजे मुलांची खेळाची मैदाने. सूर कौतुकाचाच असतो, म्हणून तर ते मत अधिक पसरते. पण एकेक विधान तपासले तर ते टिकत नाही.

‘इमारत आधी, झाडे नंतर’ हा क्रम व्हँकुव्हर शहरातल्या रॉब्सन स्क्वेअर या सरकारी संकुलाला लागूच पडत नाही. त्या जागी पूर्वी ५५ मजल्यांचा सरकारी मनोरा उभारण्याचा बेत होता. १९७२ मध्ये प्रांतातले सरकार बदलले, तो बेत बारगळला आणि एरिक्सन यांनी मनोरा जणू आडवा निजवून न्यायालये व सरकारी कार्यालये जमिनीलगत पसरवली. ही मूळ कल्पना एरिक्सन यांची, हे निर्विवाद आहे. मात्र इमारतीचे छप्पर हीच लोकांनी फिरायची, बसायची जागा ठरवल्यावर तिथे माती किती जाडीची असेल, पाणी कुठून निचरेल आणि मोठी झाडे नेमकी कुठे उभी राहतील, हे प्रश्न खांब-तुळयांच्या हिशेबाबरोबरच सोडवावे लागतात, कारण साधी ओली माती घनमीटरला दीड टनाच्या पुढे भरते आणि तो भार मागाहून कोणत्याही छतावर टाकता येत नाही. म्हणूनच ओबरलँडर आराखड्याच्या टप्प्यापासूनच या कामात होत्या आणि झाडांसाठी मातीचे हलके मिश्रण वापरले गेले. पायऱ्यांच्या पोटातून तिरकी चढत जाणारी तिथली प्रसिद्ध उतरण व्हीलचेअरवरून जाणाऱ्यांना सोयीची नाही, ही टीका मात्र रास्त आहे. तिचा प्रतिवाद करण्याची गरज मला वाटत नाही.

‘हिरवा मुलामा’ हा शब्द सर्वांत अन्यायकारक ठरतो तो कॅनडाच्या उत्तरेकडच्या यलोनाइफ शहरात. नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशाच्या विधानसभेची इमारत १९९३ मध्ये तिथे फ्रेम लेक या तळ्याच्या काठी सुरू झाली. उत्तरेकडची कडाक्याची थंडी, उघडा खडक आणि त्यालगत दलदलीची, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची पीट-जमीन अशी ही जागा. तिथे दक्षिणेतल्या रोपवाटिकेतली तयार रोपे आणून लावणे म्हणजे ती मरणार हे ठाऊक असताना लावण्यासारखे होते. ओबरलँडर यांनी त्याच जागेवरच्या वनस्पतींचे बी आणि कलमांसाठी काड्या गोळा केल्या, त्या व्हँकुव्हरला नेऊन त्यांची रोपे वाढवली आणि ती पुन्हा त्याच मातीत आणून लावली. बांधकामाने दुखावलेला भाग पूर्वी जसा होता तसा करायचा आणि आपला हात त्यात दिसू द्यायचा नाही, या पद्धतीला त्या न दिसणारे रफू म्हणत. रफू करणारा कारागीर नवे कापड जोडत नाही, शक्यतो त्याच वस्त्राच्या शिवणीतला धागा काढून भोक भरतो. यलोनाइफमधले काम नेमके तसेच होते. मुलामा झळकावा म्हणून चढवतात, रफू दिसले तर ते फसले असे समजतात. दोन्ही एकाच मापाने कसे मोजायचे?

छतावरची बाग निव्वळ शोभेची असते, या म्हणण्याला व्हँकुव्हरच्या मध्यवर्ती सार्वजनिक ग्रंथालयाचे उदाहरण पुरेसे आहे. सफदी यांची ती इमारत १९९५ मध्ये खुली झाली, पण तिच्या माथ्यावरची ओबरलँडर यांची बाग वाचकांसाठी २०१८ पर्यंत बंदच होती. आसपासच्या उंच इमारतींच्या खिडक्यांतून निळसर आणि हिरव्या गवतांचे, फ्रेझर नदीच्या प्रवाहाची आठवण देणारे पट्टे दिसत, एवढेच. म्हणजे सुमारे २३ वर्षे त्या बागेत पाऊल ठेवायला लोक नव्हते, आणि तरीही पावसाचे पाणी धरून ठेवणे, छत तापू न देणे हे तिचे काम चालूच होते.

मैदानांचा उल्लेख ‘उरलेले काम’ असा होतो तेव्हा त्यामागे, बाईमाणसाला मुलांचेच विषय जमायचे, हा जुना हिशेब असावा. युद्धामुळे विद्यार्थी घटल्यावर हार्वर्डच्या वास्तुरचना शाळेने १९४२ मध्ये स्त्रियांना दार उघडले आणि ओबरलँडर तिथून १९४७ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्या. फिलाडेल्फियात सार्वजनिक घरकुलांच्या वसाहतींवर काम करताना त्यांनी मैदान हा शहररचनेचा प्रश्न म्हणून हाताळला. माँट्रियल येथील १९६७ च्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी मुलांसाठी केलेल्या जागेचा भर लोखंडी झोपाळ्यांवर आणि घसरगुंड्यांवर नव्हता. तिथे वाळू, उंचवटे, पाण्याचा पाट, झाडावरचे घर आणि एक खरी होडी होती. खेळ कोणता ते मुलांनी ठरवायचे, रचनाकाराने फक्त हाताला लागेल असे सामान ठेवायचे, हा विचार त्यांच्या मैदानांच्या कामात राहिला; अशी ७० हून अधिक मैदाने त्यांनी कारकिर्दीत आखली.

हाच विचार मोठ्यांसाठीही त्यांनी लावला. व्हँकुव्हरच्या किनाऱ्याला समुद्रातून वाहून आलेले ओंडके लागत आणि नगर उद्यान मंडळ ते जाळून टाकत असे. १९६३ मध्ये ओबरलँडर यांनी सुचवले की ते जाळू नयेत, वाळूवर मांडून ठेवावेत, लोक त्यांवर बसतील. आजही तिथे संध्याकाळी माणसे त्या ओंडक्यांना पाठ टेकून सूर्यास्त बघत बसतात. त्या कामाला एकही झाड लावावे लागले नाही आणि भोवती सजवायला कोणती इमारतही नव्हती.