सवलत नव्हे, सवड

साथीच्या काळात विम्याचा हप्ता थकला, म्हणून हातपाय गाळून बसू नये. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि ऐन हंगामात आढीतला हापूस गिऱ्हाइकाविना गळू लागला, तेव्हा हैदराबादेतल्या विमा नियामकाला आपली आठवण झालीच होती. मार्च-एप्रिलच्या आयुर्विमा हप्त्यांना तीस दिवसांची जादा मुदत मिळाली. हप्त्यातला एक रुपयाही कमी झाला नाही, हे खरे; पण मागितली सवलत आणि मिळाली सवड, एवढ्या अक्षरभेदावरून कुरकुर करणे कोकणी माणसाला शोभत नाही.

टेम्पो खळ्यात उभा असला, तरी थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे केलेले नुकसान भरून देणारा विमा, न चुकता भरावा. २५ मार्च ते ३ मे या काळात संपणाऱ्या पॉलिसींसाठी १५ मेपर्यंत वाट पाहण्याचे औदार्य सरकारने दाखवले होते. आमच्या टेम्पोच्या ताडपत्रीखाली त्या वर्षी कोंबडीने अंडी घातली आणि ती उबवून पिल्लेही बाहेर काढली. एवढ्या अवधीत गाडीने कोणाला धडक दिली असेल तर ती कोंबडीलाच. तरीही आम्ही सड्यावर जाऊन, रेंज सापडेपर्यंत हात उंच धरून, अख्ख्या वर्षाचे पैसे ऑनलाइन भरले. आपणही तसेच करावे.

आरोग्य विम्याचा वार्षिक हप्ता एकरकमी झेपत नसेल, तर निराश होऊ नये. तो महिन्याला किंवा तिमाहीला घेण्याची मुभा त्याच एप्रिलात देण्यात आली. मात्र ती कंपन्यांना होती, आपल्याला नव्हे, हे ध्यानात ठेवून विनंती नम्रपणे करावी. जुलैत आलेली ‘कोरोना कवच’ ही कोरोनाच्या उपचारखर्चाची पॉलिसी घेतली असेल, तर दारात आलेल्या विषाणूला ओटीवर बसवून, गूळपाणी देऊन पंधरा दिवस बोलण्यात गुंतवावे, कारण प्रतीक्षा कालावधी, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर भरपाई लागू होईपर्यंतचा काळ, तेवढाच होता. घाई करणारा विषाणू नियमात बसत नाही.

आणि हप्त्यावर १८ टक्के जीएसटी का, असे त्या धामधुमीत विचारू नये. वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विम्यावरचा तो कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, तोवर साथ केव्हाच ओसरली होती. २०२० च्या पावत्या मात्र फडताळात जपून ठेवाव्यात; वाळवीलाही कधीतरी भूक लागते.