अनित्य कुणाला धीर देतं?

यंदाच्या वर्षावासातही, म्हणजे पावसाळ्यातल्या धम्मवाचनाच्या महिन्यांत, आमच्या वरळीच्या विहारात तोच वाद झाला. गोराईच्या पॅगोडात दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलेली पोरं म्हणाली, दुःखाचं मूळ तृष्णेत आहे, आधी आपलं मन बघा. मामा भडकले. रात्री फोनवर मलाच विचारत होते, "बीडीडी चाळीच्या १६० चौरस फुटांत आम्ही नऊ जण झोपायचो, ते काय तृष्णेपायी गं?"

मी बर्लिनला राहते. इथे फ्रोनाऊला पॉल डाल्के या डॉक्टरने १९२४ साली उभारलेलं बौद्ध घर आहे. रविवारी तिथे जाऊन ध्यानाला बसते. सोबतच्यांचं दुःख खोटं नाही. एकटेपण आहे, म्हातारपण आहे, मरणाची भीती आहे. पण माणसाने माणसाला दिलेलं दुःख तिथल्या बोलण्यात येतच नाही. तेव्हा मामा आठवतात. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'ची प्रस्तावनाही आठवते. दुःख आहे, त्याला कारण आहे, त्याचा अंत आहे आणि त्या अंताचा मार्ग आहे, ही चार आर्यसत्यं मुळात बुद्धाचीच का, अशी शंका त्यांनी तिथे घेतली आहे. जगणंच दुःख म्हटल्यावर माणसाला आशा कुठून मिळणार?

पण अनित्य-अनात्म, म्हणजे काहीच टिकत नाही आणि कायमचा 'मी' नाही, ही रिकामटेकड्यांची चर्चा, हे मामांचं म्हणणं मला मान्य नाही. सब्बे सङ्खारा अनिच्चा, सगळे सङ्खार अनित्य आहेत. सङ्खार म्हणजे कारणांनी घडलेलं सगळं, आणि जात कारणांनीच घडली आहे. कारणं काढली की ती मोडेल. याहून मोठी आशा कुठली? सारनाथला पाच भिक्खूंना बुद्धाने सांगितलं, की माणूस ज्यांनी बनतो त्या रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान यांतलं काहीच 'मी' नाही. मग जन्मासोबत चिकटलेला उच्चनीचपणा राहतो कुणाच्या अंगावर?

इथल्या गणेशोत्सवात एका बाईंनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. "म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?" पुढचा प्रश्न मला पाठ होता. छातीत राग चढला, मी श्वासाकडे पाहत राहिले, तो उतरला. हे बसण्यातून आलं. मग शांतपणे, मान वर ठेवून "आम्ही बौद्ध, वरळीचे" म्हणाले, ते मामांकडून.

म्हणून विहारातल्या पोरांना आणि मामांना माझी एकच विनंती आहे. येत्या रविवारी अनत्तलक्खणसुत्त, म्हणजे सारनाथचा तो उपदेश, आणि बाबासाहेबांची ती प्रस्तावना एकाच बैठकीत मोठ्याने वाचा. मला व्हिडिओ कॉलवर घ्या. तुमचे सकाळचे दहा म्हणजे इथे पहाट असेल, पण मी उठेन.