दोन कोटींची खुर्ची आणि फुकटची खुर्ची

(पोस्ट लांबली आहे. चहा घेऊन बसा.)

इंग्लंडमधल्या सफक काउंटीतल्या आमच्या गावात बसथांब्याजवळ काचेच्या दाराचा एक लाकडी सूचनाफलक आहे. त्याला कुलूप असतं आणि किल्ली क्लर्कबाईंच्या पर्समध्ये. गेल्या सोमवारी तिथे नवा कागद लागला. पॅरिश काउन्सिलची, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीची, एक जागा रिकामी झाली आहे, 14 कामाच्या दिवसांत 10 मतदारांनी लेखी मागणी केली तर पोटनिवडणूक होईल, नाहीतर काउन्सिल स्वतःच कुणाला तरी घेईल. यंदाचा हा तिसरा कागद. आधीच्या दोन्ही वेळी दहा सोडाच, एकानेही मागणी केली नव्हती.

तो कागद वाचताना मला उमराणे आठवलं. नाशिक जिल्ह्यातलं, कांद्याचं गाव. जानेवारी 2021 च्या ग्रामपंचायत निवडणुकीआधी तिथे सरपंचपदाची बोली लागली होती आणि ती 2 कोटी 5 लाखांवर गेली. नंदुरबारच्या खोंडामळीत 42 लाखांवर थांबली. पैसे म्हणे देवळाच्या कामाला. राज्य निवडणूक आयोगाने दोन्हीकडची निवडणूक रद्द केली, बातमी चार दिवस गाजली आणि विरली. आता बघा, तिकडे गावाची खुर्ची दोन कोटींना जाते आणि इकडे सफकमध्ये तीच खुर्ची फुकट देतो म्हटलं तरी लोक मान फिरवून कुत्रा पुढे ओढतात. कितीतरी दिवस हे डोक्यात घोळतंय, म्हणून आज लिहायला बसले.

मी मूळची साताऱ्याकडची. आजोबा दोन वेळा पंच होते, त्यामुळे ग्रामपंचायत म्हणजे काय ते ओट्यावर बसून ऐकलेलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे नऊ वर्षांपूर्वी या गावात आलो. मतदार साडेसहाशेच्या आसपास, चकमकीच्या दगडांनी बांधलेलं चर्च, एक पब, बिटाची शेतं. दुकान होतं, ते बंद पडलं. 2022 मध्ये अशीच एक जागा रिकामी होती. शेजारच्या आजी म्हणाल्या, तू बोलतेस बरी, तूच ये. मी क्लर्कला चार ओळींचं पत्र लिहिलं, पुढच्या मीटिंगला सहा हात वर झाले, मी एका कागदावर सही केली आणि झाले मेंबर. याला इथे को-ऑप्शन म्हणतात. खर्च शून्य. हार नाही, गुलाल नाही. चेअरमनबाईंनी बिस्किटाचा डबा पुढे केला.

आईला फोन केला. पॅरिश म्हटल्यावर ती आधी घाबरलीच.

"अगं, म्हणजे चर्चच्या कमिटीत गेलीस की काय?"

तिचंही चुकलं नाही. इथल्याही कित्येकांचा तोच घोळ होतो. एके काळी गावकारभार खरंच चर्चच्या सभेतून चालायचा. 1894 च्या कायद्याने तो तिथून काढून निवडून आलेल्या काउन्सिलकडे दिला. चर्चची कमिटी वेगळी, आमची वेगळी. आम्ही म्हणजे ग्रामपंचायत, वर डिस्ट्रिक्ट काउन्सिल म्हणजे पंचायत समिती, त्यावर काउंटी काउन्सिल म्हणजे जिल्हा परिषद. असं सांगितल्यावर आईला पटकन कळलं.

"मग निधी किती येतो?"

"वर्षाला अठरा हजार पौंड. वीस लाखांच्या आसपास धर."

"एवढ्यात आपल्याकडे एक गटार होतं," आई म्हणाली. मग जरा थांबून, "तेही अर्धंच."

हा निधी वरून येत नाही. घरपट्टीसारखा काउन्सिल टॅक्स असतो, त्यात पॅरिशचा वेगळा वाटा लावतात. त्याला प्रीसेप्ट म्हणतात. किती लावायचा ते आम्हीच जानेवारीच्या थंडीत बसून ठरवतो, गोळा डिस्ट्रिक्टवाले करतात. त्यातून क्लर्कचा पगार (आठवड्याला आठ तास, प्रत्यक्षात वीस), विमा, मुलांच्या खेळाच्या मैदानाची तपासणी, गवत कापणं, स्मशानभूमी, बाकं, आणि जुन्या लाल फोनच्या खोक्यात बसवलेलं हृदयविकाराच्या झटक्यात वापरायचं यंत्र. तो खोका टेलिफोन कंपनीकडून एका पौंडात घेतलेला. रस्ता आमच्याकडे नाही, तो काउंटीकडे. कचरा डिस्ट्रिक्टकडे. शाळा, पाणी, दिवाबत्ती, यातलं काहीच आमच्याकडे नाही. तरी खड्डा पडला की लोक वाटेत आम्हालाच अडवतात. मी रस्ता खात्याच्या वेबसाइटवर तक्रार टाकते, तसं तेही टाकू शकतात. पण मेंबरने टाकलेली तक्रार जास्त वजनदार असते असा समज आहे. नसते.

आता डब्याची गोष्ट सांगते. कुत्र्याची घाण टाकायचा डबा. ओढ्याकडे जाणाऱ्या पायवाटेच्या तोंडाशी तो हवा अशी मागणी आली. सोपं वाटतं ना? पहिल्या मीटिंगमध्ये हवा असं सर्वानुमते ठरलं. दुसऱ्या मीटिंगमध्ये जागा ठरवली, तर त्या घरवाल्याचं पत्र आलं: डबा हवाच, पण माझ्या फाटकाशी नको. जागा वीस फूट सरकवली, तर ती निघाली रस्त्याच्या कडेची, म्हणजे काउंटीची, परवानगी लागणार. परवानगी आली तोवर कळलं की डबा घ्यायचा आम्ही, पण तो रिकामा करायचा डिस्ट्रिक्टने, आणि प्रत्येक वेळी रिकामा करण्याचे पैसे लावणार. मग दर आठवड्याला की पंधरवड्याला यावर पाऊण तास. एक जण म्हणाले, उन्हाळ्यात पंधरवडा परवडणार नाही, आणि त्यांनी का ते वर्णन करून सांगितलं. नवव्या महिन्यात डबा बसला. मी फोटो काढून आईला पाठवला. तिने डोंगर फोडून काढलेला कालवा बघावा तसा मोठा करून बघितला.

हसू येतं, मला अजूनही येतं. पण त्या नऊ महिन्यांतला प्रत्येक पैसा आणि प्रत्येक शब्द इतिवृत्तात आहे. मीटिंगच्या आधी पूर्ण तीन दिवस अजेंडा फलकावर लागलेला असतो. त्यात नसलेल्या विषयावर ठराव करता येत नाही. उन्हाळ्यात तीस कामाचे दिवस हिशोबाच्या वह्या कुठल्याही मतदाराला उघडून बघता येतात. तीन वर्षांत एकच माणूस बघायला आला, आणि तो आपल्या आजोबांच्या थडग्याची नोंद शोधत होता.

हॉल भरलेला मी एकदाच पाहिला. गावाबाहेरच्या शेतावर 28 घरांचा प्रस्ताव आला तेव्हा. एरवी प्रेक्षकांत दोन जण असतात, त्यातले एक चेअरमनबाईंचे यजमान, त्यांना गाडीतून घरी न्यायला आलेले. त्या दिवशी नव्वद लोक. खुर्च्या संपल्या, लोक भिंतीला टेकून उभे. इथे नियम असा की सुरुवातीची पंधरा मिनिटं लोकांनी बोलायचं, प्रत्येकी तीन मिनिटं, मग गप्प बसून ऐकायचं. त्या दिवशी नियम कुणी पाळला नाही. गाड्या वाढतील, ओढ्याला पूर येईल, डॉक्टरकडे आत्ताच महिना लागतो. मुद्दे खरे होते. पण सगळं ऐकताना मागच्या रांगेतली एक तरुण मुलगी माझ्या लक्षात राहिली. ती पबमध्ये काम करते आणि आईवडिलांच्या घरी लहानपणीच्या खोलीत राहते, कारण गावात भाड्याने घरच नाही. ती तीन मिनिटांतलं एक मिनिट बोलली आणि बसली. कुणी टाळी वाजवली नाही.

आम्ही हरकत नोंदवली. मी विरोधात मत दिलं, म्हणजे हरकतीच्या विरोधात, ते गावात अजून काहींना पचलेलं नाही. पण खरी गंमत पुढे आहे. परवानगी देणं वा नाकारणं आमच्या हातात नाहीच. आम्ही फक्त मत कळवतो, निर्णय डिस्ट्रिक्टचा. परवानगी मिळाली. त्या रात्री गावाच्या फेसबुक ग्रुपवर आमच्या नावाने जो शिमगा झाला तो विचारू नका. विकले गेलेत, झोपलेत, राजीनामे द्या. दोघांनी खरंच दिले. आणि जागा रिकाम्या झाल्यावर त्या नव्वदांतलं एक माणूस पुढे आलं नाही. एकही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. उमराण्यात लोक खुर्चीवर दोन कोटी लावायला तयार होतात, कारण त्या खुर्चीला पैसा आणि सत्ता चिकटलेली आहे: वित्त आयोगाचा निधी, कामांची कंत्राटं, तालुक्यात ओळख, पुढे पंचायत समितीचं तिकीट. आमच्या खुर्चीला यातलं काही चिकटलेलं नाही. त्यामुळे भ्रष्टाचार नाही हे खरं, पण त्याची फार शाबासकी घेऊ नये. खायला काही नसलेल्या घरात उपास सोपा असतो. "इंग्लंडात बघा कसा स्वच्छ कारभार" असं मला फोनवर ऐकवणाऱ्या मामांना हे सांगायचं राहिलंय. इथे निवडणूक चार वर्षांनी मे महिन्यात येते, आणि अर्ज जागांपेक्षा कमी आले की मतपेटी न उघडताच सगळे निवडून येतात. आपल्याकडे बिनविरोध झाली की गावाच्या एकोप्याचं कौतुक होतं. इथे बिनविरोध म्हणजे कुणाला पडलेलीच नाही. दोन्हीकडे मतदार मतदानाला जात नाही, एवढं साम्य.

लोक का येत नाहीत तेही मला माहीत आहे. मानधन नाही. आपली नोकरी, जमीन, नवऱ्याची नोकरी, सगळं 28 दिवसांत नोंदवावं लागतं आणि ते वेबसाइटवर जगाला दिसतं. वर शिव्या. 2021 च्या फेब्रुवारीत गाजलेली, चेशायरमधल्या हँडफर्थ पॅरिश काउन्सिलच्या झूम मीटिंगची ती क्लिप आठवते ना? जॅकी वीव्हर नावाच्या बाई आरडाओरडा करणाऱ्यांना शांतपणे मीटिंगबाहेर काढतात आणि समोरचा ओरडतो की तुम्हाला इथे काही अधिकार नाही. जग हसलं. मीही हसले. मेंबर झाल्यावर ती परत बघितली तेव्हा मात्र हसण्याआधी पोटात कालवलं.

एक गोष्ट मला खूप आवडते ती सांगून टाकते. ज्या 1894 च्या कायद्याने ही काउन्सिलं आली, त्यानेच बायकांना, लग्न झालेल्यांनाही, तिथे उभं राहायची मुभा दिली. संसदेला मत देण्याचा हक्क त्यांना मिळायला अजून चोवीस वर्षं होती. केंटमधल्या पेन्सहर्स्टला जेन एस्कोम्ब नावाच्या बाई तेव्हा निवडून आल्या. मजुरांना राहायला धड घरं नाहीत म्हणून त्यांनी वरच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आणि 1900 साली घरं उभी करून घेतली. म्हणजे खेड्यात घरं हवीत की नकोत हा वाद सव्वाशे वर्षांचा आहे, आणि तेव्हाची पॅरिश काउन्सिल घरं मागत होती. तिकडे माझी मावशी सरपंच होती, पन्नास टक्के आरक्षणातून. सह्या ती करायची, मीटिंगा मावसोबा घ्यायचे. दुसऱ्या वर्षी तिने शिक्का स्वतःच्या कपाटात ठेवायला सुरुवात केली. तोही इतिहासच, फक्त कुठे लिहिलेला नाही.

आता घाई का, ते. डिसेंबर 2024 मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढली की जिथे डिस्ट्रिक्ट आणि काउंटी अशा दोन पायऱ्या आहेत तिथे त्या मोडून एकच मोठी काउन्सिल करायची. म्हणजे पंचायत समिती जाणार आणि जिल्हा परिषदेचंही नवं काहीतरी होणार. मग गावाजवळ उरणार कोण? आम्ही. सार्वजनिक शौचालयं, मैदानं, वाहनतळ, जे मोठ्यांना नकोसं होईल ते खाली ढकललं जाईल, ही माझी भीती. तेव्हा आठ तासांची क्लर्क आणि पाच दमलेले म्हातारे पुरणार नाहीत.

म्हणून ही पोस्ट मराठीत. इंग्लंडातल्या छोट्या गावांत राहणारे आपले लोक आता कमी नाहीत. डॉक्टर आहेत, केअर होममधल्या नर्सेस आहेत, घरून काम करणारे आयटीवाले आहेत. आपण दिवाळीला लेस्टर नाहीतर लंडन गाठतो आणि गावात फक्त झोपायला येतो. मीही सहा वर्षं तेच केलं. कित्येकांना माहीतच नसतं की भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे भारतीय पासपोर्टवरसुद्धा इथे मत देता येतं, आणि इथे कायम राहण्याची परवानगी मिळालेली असेल तर उभंही राहता येतं. वय 18 पूर्ण हवं आणि गावाच्या मतदारयादीत नाव हवं. किंवा वर्षभर गावात, नाहीतर गावच्या हद्दीपासून तीन मैलांच्या आत राहिलेलं असलं तरी चालतं. इंग्रजीचे उच्चार कुणी तपासत नाही. माझा "व्हिलेज" अजूनही "विलेज" होतो.

आणि नाही जमलं तर निदान एकदा मागच्या खुर्चीवर येऊन बसा. आमची मीटिंग दुसऱ्या मंगळवारी साडेसातला. हॉलचं हीटर नाणी टाकल्याशिवाय चालत नाही, तेव्हा स्वेटर घाला. अजेंडा आजच लागलाय. रिकामी जागा सहाव्या क्रमांकावर आहे. सातव्यावर डबा. झाकण मोडलंय.