पासवर्ड टाकून दे रे, दोन मिनिटांचं काम

सर्वप्रथम अभिनंदन. सोसायटीच्या ऑफिसातून तुम्हाला बोलावणं आलं आहे. खजिनदार काका प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेत, समोर जुना डेस्कटॉप घरघरतोय आणि काका म्हणतायत, "तू कॉम्प्युटरचंच करतोस ना? मग या मेंबरांच्या डेटाला जरा पासवर्ड टाकून दे रे. दोन मिनिटांचं काम."

नाही म्हणू नका. डेटा नक्की कुणापासून वाचवायचाय, असले प्रश्नही विचारू नका. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत ८४ फ्लॅट. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला निघालेली, त्यामुळे प्रत्येक घराचं नाव, कार्पेट एरिया, पॅन, आधार, बँक खातं, नॉमिनी आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे मोबाइल नंबर, सगळं एका जागी गोळा झालेलं. एवढ्या ऐवजाला कुलूप घालायचा मान काकांच्या भाच्याला मिळाला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याचं काम गेल्या रविवारी मी अगदी जवळून पाहिलं. डेटाबेसच्या धंद्यात माझी वीस वर्षं गेली, पण यातलं निम्मं मला कधी सुचलंच नसतं. हे ज्ञान एकट्याकडे ठेवणं बरं नाही.

सुरुवात लॉगिनच्या स्क्रीनपासून करा. सगळी मेहनत इथेच. मागे सूर्योदय, वर सोसायटीचं नाव झळाळत्या अक्षरांत, एका कोपऱ्यात गणपती, दुसऱ्या कोपऱ्यात कुलपाचं चित्र. चुकीचा पासवर्ड टाकला की 'टुंग' असा आवाज आणि लाल अक्षरांत 'ॲक्सेस डिनाइड'. कमिटीला दाखवताना एकदा मुद्दाम चुकीचाच टाका. सेक्रेटरी मान डोलावतात, चहा येतो. त्या टुंगच्या मागे कोडची एक ओळ पुरते: चौकटीत 'ॲडमिन१२३' लिहिलं असेल तर पुढचा फॉर्म उघड. डेटाबेसची फाइल त्याच फोल्डरात उघडीनागडी पडलेली असू दे. लॉगिनच्या वाटेला न जाता सरळ तिच्यावरच डबलक्लिक करावं, इतकं वाईट कुणाच्या मनात येणार आहे?

आमच्या गेटवर वॉचमन आहे. त्याच्यापुढे वही, वहीला सुतळीने बांधलेलं पेन. येणारा माणूस 'डिलिव्हरी, ५०३' असं खरडतो आणि आत जातो. मागे नाल्याच्या अंगाला कंपाउंडची भिंत दोन पावसाळ्यांपूर्वी पडली, ती अजून पडलेलीच आहे. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा. तुमच्या कोडमधला 'असेल तर' विचारणारा 'इफ' म्हणजे हा वॉचमन. विचारणं एवढंच त्याचं काम, आणि तेही जो गेटवरून येईल त्याला.

कुणी फारच कटकट केली तर डेटाबेसलाही पासवर्ड लावा. मात्र मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅमची जुनी एमडीबी फाइलच धरून ठेवा. तिच्यात पासवर्ड फाइलच्या सुरुवातीलाच, जेमतेम पदर घेऊन बसलेला असतो. आतला मजकूर जसाच्या तसा. नोटपॅडमध्ये उघडली तरी कचऱ्यातून शेजाऱ्यांची नावं डोकावतात. हा पासवर्ड काढून देणारी फुकटची टूल्स भाच्याच्या जन्माआधीपासून आहेत. २००७ सालापासून ॲक्सेसमध्ये 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड' आलं, त्यात फाइल खरोखर कुलूपबंद होते. तिकडे दुर्लक्ष करा. काकांच्या मशीनवर चालत नाही, असं सांगा. काका तपासायला येत नाहीत.

आता या डेटाबेसचा पासवर्ड प्रोग्रॅमला कुठून कळणार? कोडमध्येच लिहा, हाय काय न् नाय काय. कोडची एक्सई, म्हणजे चालवायची फाइल, झाली की कुणाला वाचता येते, अशी आपली श्रद्धा असू द्या. मी ती एक्सई आयएलस्पायमध्ये टाकली. डॉटनेटचा प्रोग्रॅम असला की हे टूल कोड पुस्तकासारखा उलगडून दाखवतं. कनेक्शन स्ट्रिंग, म्हणजे डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड असलेली ओळ, सापडली तेव्हा माझा चहा अजून गरम होता.

एक्सेलमध्ये 'प्रोटेक्ट शीट' करा आणि निर्धास्त झोपा. एक्सएलएसएक्स फाइल म्हणजे मुळात झिप; नावाचं शेपूट बदलून उघडली, आतल्या एक्सएमएलमधून 'शीटप्रोटेक्शन'ची ओळ खोडली, पुन्हा बांधली, झालं. पण हे आठवीतल्या पोरांनाच ठाऊक असतं, मोठ्यांना नाही.

बेस६४ ही मजकूर नुसता दुसऱ्या अक्षरांत मांडायची पद्धत, किल्लीशिवाय कुणालाही उलटवता येणारी. तिलाच एन्क्रिप्शन म्हणा. शेवटी दोन बरोबरची चिन्हं आली की कमिटी गार.

फोल्डरसाठी नेटवर 'फोल्डर लॉकर'ची बॅच फाइल मिळते, तीच चिकटवा. ती फोल्डरचं नाव बदलून त्याला कंट्रोल पॅनलचा मुखवटा चढवते आणि 'हिडन' करते. पासवर्ड त्याच बॅच फाइलमध्ये साध्या अक्षरांत असतो. राइट क्लिक, एडिट. म्हणजे दाराला कुलूप, आणि दारावरच खडूने लिहिलेलं की चावी तुळशीच्या कुंडीखाली आहे. सगळी डिस्कच कुलूपबंद करणारं विंडोजचं बिटलॉकर किंवा फुकटचं व्हेराक्रिप्ट वापरलं तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली तरी काही हाती लागत नाही, पण त्यात मजा नाही. मुखवट्यात मजा आहे.

झिपला पासवर्ड लावलात तर आतल्या फाइलींची नावं बाहेरूनच दिसतात, हे विसरून जा. आमच्या झिपमध्ये एका फाइलचं नाव होतं 'फ्लॅट ३०४ थकबाकी कोर्ट नोटीस'. ती उघडायची गरजच कुणाला पडली नाही. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये ३०४ च्या काकू जिन्याने जाते म्हणाल्या.

आधारच्या पीडीएफांना मात्र काहीच करू नका, त्यांना सरकारनेच पासवर्ड दिलेला आहे: नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्माचं साल. तुम्ही फक्त त्या ८४ घरांच्या पीडीएफांशेजारी नाव आणि जन्मतारखेची एक्सेल शीट ठेवा. भाच्याने ठेवली होती. अकारविल्हे लावून.

स्वतःचा अल्गोरिदम बनवायचा मोह होत असेल तर जरूर बनवा. प्रत्येक अक्षर तीन घरं पुढे सरकवा आणि 'लॉजिक कुणाला माहीतच नाही, तर फोडणार कसं' असं म्हणा. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालावं, गुपित फक्त किल्ली असावी, असं ऑगस्ट केरखॉफ्स नावाच्या गृहस्थाने १८८३ साली लिहून ठेवलंय. पण त्याला मुलुंडचं काय कळणार!

आता मुख्य मुद्दा. मेंबरांना लॉगिन द्यायचं असतं, मेंटेनन्सची पावती बघायला. ८४ घरांचे ८४ पासवर्ड. ते टेबलात जसेच्या तसे लिहून ठेवा. नाव, फ्लॅट, मोबाइल, पासवर्ड. कुणी विसरलं तर फोनवर सांगता येतो. 'पासवर्ड विसरलात?' यावर टिचकी मारली की तुमचा जुनाच पासवर्ड ईमेलने घरपोच येतो, केवढी सोय. रॉकयू नावाच्या कंपनीनेही हीच सोय केली होती. बेसावध लिहिलेल्या वेबपेजच्या चौकटीत पासवर्डाऐवजी अवतरणचिन्ह आणि पुढे एसक्यूएलचा, म्हणजे डेटाबेसच्या भाषेचा, तुकडा लिहिला की डेटाबेस तो हुकूम समजून पाळतो. त्या जातीच्या भोकातून डिसेंबर २००९ मध्ये कुणीतरी आत शिरलं आणि ३ कोटी २० लाख पासवर्ड साध्या अक्षरांत बाहेर आले. सर्वांत लाडका होता १२३४५६. ती यादी आज काली लिनक्स या सुरक्षा तपासणाऱ्यांच्या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर आयती येते, पासवर्ड फोडायला शिकणाऱ्यांचं पहिलं पाठ्यपुस्तक म्हणून.

भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "काका, व्हर्जन टूमध्ये एमडी५ टाकतोय." व्वा! पासवर्डाचा उलटा न फिरणारा चुरा करायचा, त्या चुऱ्याला हॅश म्हणतात. एमडी५ हा असा हॅश, १९९१ चा, रॉन रिव्हेस्ट यांनी केलेला, आणि वेगवान असणं हाच त्याचा गुण. ज्या लॅपटॉपवर तू रात्रभर गेम खेळतोस ना, त्यातलं ग्राफिक कार्ड सेकंदाला अब्जावधी एमडी५ करून बघतं. आणि तोही अळणी! मीठ म्हणून काही असतं, सॉल्ट म्हणतात त्याला, बेल लॅब्जच्या मॉरिस आणि थॉम्पसन यांनी १९७९ च्या लेखात लिहिलंय, तुझे आईबाप तेव्हा शाळेत असतील. प्रत्येकाच्या पासवर्डात वेगळी चिमूट टाकायची, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळा निघतो आणि आधीच दळून ठेवलेले हॅशचे तक्ते वापरून चोराला फोडता येत नाही. लिंक्डइनने मीठ घातलं नव्हतं, २०१२ मध्ये ६५ लाख हॅश बाहेर आले आणि लोकांनी ते शेंगा सोलाव्यात तसे सोलले. मुद्दाम हळू चालणारे हॅश आहेत. १९९९ पासून बीक्रिप्ट आहे, २०१५ ची पासवर्ड-हॅशची स्पर्धा जिंकलेला आर्गॉन२ आहे. लायब्ररी फुकट. कोड चार ओळींचा. चार!

पण एवढं कशाला, पावतीच तर बघायचीय, असं तुम्ही म्हणाल. काकाही तेच म्हणाले.

माझी आई बहात्तर वर्षांची आहे. तिला एकच पासवर्ड पाठ आहे, तिच्या माहेरच्या गावाचं नाव आणि लग्नाचं साल. तोच तिने सोसायटीला दिला, तोच तिच्या ईमेलला आहे. होता. भाच्याने सगळा फोल्डर झिप करून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, 'बॅकअप असावा म्हणून', आणि खालच्याच मेसेजमध्ये झिपचा पासवर्ड दिला, वर हात जोडलेली दोन चित्रं. त्या ग्रुपवर मेंबर आहेत, भाडेकरू आहेत, फ्लॅट विकून ठाण्याला गेलेले आहेत आणि ज्यांना कुणी घेतलं हे कुणालाच आठवत नाही असे तीन इस्टेट एजंट आहेत.

नवव्या दिवशी आईला फोन. 'बिल्डरच्या ऑफिसातून बोलतोय, आजी. कॉर्पसचे पैसे खात्यात टाकायचेत.' त्याने तिचं पूर्ण नाव सांगितलं, फ्लॅट सांगितला, कार्पेट एरिया सांगितला, पॅन सांगितला, खात्याचे शेवटचे चार आकडे सांगितले. मग आईने विश्वास का ठेवू नये? इतकं सगळं तर मलाही तोंडपाठ नाही. ओटीपीचे सहापैकी चार आकडे तिने सांगून झाले होते, तेवढ्यात भांडी घासायला ताई आल्या आणि त्यांनी बेल वाजवली. ताईंनी तिच्या हातातून फोन काढून घेतला म्हणून खातं वाचलं. ईमेल वाचलं नाही, त्यात त्या दुपारीच कुणीतरी शिरलं होतं. आई तेव्हापासून अनोळखी नंबर उचलत नाही. परवा डॉक्टरांच्या दवाखान्यातून आलेलाही उचलला नाही.

तेव्हा पुरे झाली थट्टा. ऐक रे बाबा.

तू मूर्ख नाहीस. ते सूर्योदयाचं पान तू दोन रात्री जागून केलंस, दिसतंय ते. त्यातला एक तास तू वाचण्यात घातला असतास तर तुला कळलं असतं की 'इफ'ने काही बंद होत नाही. माणसाने टाइप केलेल्या पासवर्डातून किल्ली तयार करायची असते, पीबीकेडीएफ२ ने नाहीतर आर्गॉन२ ने, मुद्दाम दमवून दमवून. पीबीकेडीएफ२ ला एसएचए२५६ या हॅशबरोबर ६ लाख फेरे द्या असं ओडब्ल्यूएएसपी ही वेब-सुरक्षेची संस्था सांगते. त्या किल्लीने एईएस नावाची एन्क्रिप्शनची पद्धत लावून मजकूर गोंधळवून टाकायचा असतो. किल्ली कुठेही लिहून ठेवायची नसते, ना कोडमध्ये, ना फाइलमध्ये. पासवर्ड बरोबर असेल तर मजकूर उलगडेल, नसेल तर नुसता चिखल, तुझ्यासाठीसुद्धा. एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरणार असशील तर एसक्यूएलसायफर हे सगळं करून देतं. पासवर्ड हरवला तर डेटा गेला, हो, गेला, म्हणून तो कागदावर लिहून ऑफिसच्या लोखंडी कपाटात ठेवायचा, आणि कपाटाची किल्ली काकांच्या जानव्याला.

आणि काका, तुम्हीही. पोराला फुकटात राबवायचं, 'दोन मिनिटांचं काम' म्हणायचं, आणि लिफ्टच्या रंगाला मात्र तीन कोटेशनं मागवायची. लोकांची माहिती नीट सांभाळली नाही तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात. सोसायटीला कुणी एवढा लावणार नाही, मला माहीत आहे. पण आईचं पॅन तुमच्या हातून गेलं, ते बदलून मिळत नाही. तिची जन्मतारीखही नाही.

ग्रुपवरचा तो मेसेज 'डिलीट फॉर एव्हरीवन' करायची मुदत केव्हाच संपली. ८४ घरांत जाऊन, प्रत्येकाच्या समोर उभं राहून फोनमधून झिप काढायला लावायची आहे आणि पासवर्ड दुसरीकडे कुठे वापरलाय का, तो बदला, हे सांगायचं आहे. तू ए विंग घे, मी बी घेतो. ३०४ च्या काकूंची माफी तू मागायचीस. रविवारी सकाळी नऊला खाली ये, लॅपटॉप घेऊन, आणि जिना चढायच्या तयारीने. लिफ्टला रंग लागतोय.