उंचावर मोठा जेट घालायचा नसतो: मिनीबाइकच्या 'ट्यूनिंग'बद्दलच्या एका संदेशाचा प्रतिवाद

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. १९६ किंवा २१२ सीसीच्या इंजिनाची मिनीबाइक, म्हणजे लहान आकाराची मोटरसायकल, 'दुप्पट जोरात' पळवण्याची कृती त्यात दिली आहे. गव्हर्नर (इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारा भाग) काढून टाका, कार्ब्युरेटरचा मेन जेट (ज्याच्या बारीक भोकातून पेट्रोल हवेत मिसळते तो भाग) मोठा करा, उंच गावात राहत असाल तर तो आणखी मोठा करा, नवा जेट विकत घेण्याऐवजी जुन्याच जेटमध्ये ड्रिल फिरवा, प्लग काळा दिसला की काम झाले असे समजा आणि थंडीत हे सगळे गॅरेजमध्येच उरका, असा त्याचा सारांश आहे. माझ्या बहिणीचा शाळकरी मुलगा डेन्व्हरजवळ राहतो. त्याने हा संदेश वाचून आपल्या कोलमन मिनीबाइकच्या जेटचे भोक मोठे केले आणि गव्हर्नर काढण्यासाठी इंजिन उघडायची तयारी केली, तेव्हा त्याच्या आईने मला फोन केला. 'छान माहिती' असे म्हणून हा संदेश पुढे पाठवणाऱ्या मोठ्या माणसांनी तो एकदा तरी नीट वाचायला हवा होता.

यातला सर्वांत उफराटा मुद्दा उंचीचा आहे. उंचावर हवा विरळ असते आणि त्यामुळे इंजिनाची ताकद घटते, ही दोन्ही विधाने बरोबर आहेत. पण ती घट भरून काढायला जास्त पेट्रोल सोडावे, हा त्यांवरून काढलेला निष्कर्ष नेमका उलटा आहे. कार्ब्युरेटरला हवेचे वजन कळत नाही. व्हेंचुरीतून, म्हणजे कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून, हवा वेगाने जाताना तिथला दाब जितका उतरतो, तितके पेट्रोल जेटमधून ओढले जाते. डेन्व्हर सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ८५ टक्के भरते. इंजिन त्याच वेगाने फिरत असेल तर ते तेवढ्याच आकारमानाची हवा आत घेते, म्हणजे हवेचे वजन १५ टक्क्यांनी कमी होते. पेट्रोलचा प्रवाह मात्र घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात उतरतो, म्हणजे जेमतेम ७-८ टक्क्यांनी. याचा अर्थ असा की जेटला हातही न लावता डेन्व्हरमध्ये मिश्रण समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ८ टक्के रिच (हवेच्या मानाने जास्त पेट्रोलचे) झालेले असते. ते ताळ्यावर आणायचे तर भोकाचा व्यास साधारण ४ टक्के लहान हवा, आणि संदेश तो मोठा करायला सांगतो.

हे गणित कोणाला पटत नसेल तर त्याने होंडाच्या जीएक्स२०० इंजिनाचे मालक-पुस्तक उघडावे. या मिनीबाइकवरची बहुतेक स्वस्त इंजिने त्याच आराखड्यावर बेतलेली आहेत, त्यामुळे ते पुस्तक इथे सरळ लागू पडते. उंचावर मूळ कार्ब्युरेटरचे मिश्रण गरजेपेक्षा रिच होते, ताकद घटते, पेट्रोल जास्त लागते, प्लग खराब होतो आणि इंजिन सुरू व्हायला त्रास देते, असे त्यात लिहिले आहे. कायम १,५०० मीटरच्या वर इंजिन चालवणाऱ्यांनी कार्ब्युरेटरमध्ये त्यानुसार बदल करून घ्यावा, आणि तो बदल केल्यानंतरही दर ३०० मीटर चढाला सुमारे ३.५ टक्के ताकद जातेच, हेही तिथे स्पष्ट आहे. डेन्व्हरच्या उंचीला ही घट १८ टक्क्यांच्या आसपास जाते. ती हवेच्या अभावाने झालेली घट आहे, आणि कितीही पेट्रोल ओतले तरी ते हवेची जागा घेऊ शकत नाही. उंचीसाठी बदललेला कार्ब्युरेटर सखल भागात वापरला तर मिश्रण लीन (हवेच्या मानाने कमी पेट्रोलचे) होऊन इंजिन तापते आणि त्याची गंभीर हानी होऊ शकते, असा इशाराही तेच पुस्तक देते. सुटीत मिनीबाइक टेक्ससला नेणाऱ्या डेन्व्हरकरांनी हे वाक्य विसरू नये.

'जेट जितका मोठा तितकी ताकद जास्त' या दाव्यात अर्धे सत्य आहे, आणि ते नाइलाजाने मान्य करतो. उत्सर्जनाच्या नियमांमुळे कारखान्यातून येणारी ही इंजिने थोडी लीनच बसवलेली असतात. एअर फिल्टर आणि सायलेन्सर बदलून हवेची वाट मोकळी केली, तर समुद्रसपाटीजवळ मोठा मेन जेट खरोखरच लागतो. पण त्यालाही मर्यादा आहे. पेट्रोलचे पूर्ण ज्वलन हवा-पेट्रोलच्या १४.७ ला १ या वजनी प्रमाणाजवळ होते, सर्वाधिक ताकद साधारण १२.५ ते १३ ला १ या पट्ट्यात मिळते आणि त्याहून रिच केले की ताकद पुन्हा उतरू लागते.

'रिच इंजिन कधी खराब होत नाही' ही समजूत कुठून आली असावी, याचा अंदाज करता येतो. आपल्याकडे लूना चालवलेल्या पिढीने पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेले पाहिले आहे. अशा टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल कमी पडले की ऑइलही कमी पडते, म्हणून तिथे थोडे रिच ठेवण्याला अर्थ होता. मिनीबाइकचे हे इंजिन फोर-स्ट्रोक आहे. त्यात ऑइल वेगळे, तळाशी असते, ते सगळे मिळून सुमारे ०.६ लिटर, आणि ऑइल पंप नसल्याने ते नुसते उडवून आत पसरवले जाते. जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढते आणि पिस्टन रिंगांमधून खाली उतरून उरलेले ऑइलही पातळ करते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल तत्काळ बदलावे.

सर्वांत घातक सल्ला गव्हर्नर काढण्याचा आहे, कारण 'जेट मोठा केला की इंजिन तो वेग पेलते' असे त्याला जोडून सांगितले आहे. जेटचा आणि धातूच्या मजबुतीचा काहीही संबंध नाही. गव्हर्नर या इंजिनाला मिनिटाला सुमारे ३,६०० फेऱ्यांच्या आसपास रोखतो, आणि फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारे जड चाक), पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा हे सगळे त्या वेगाचा विचार करून बनवलेले असते. फिरणाऱ्या भागावरचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वेग दीडपट, म्हणजे ५,४०० झाला की ते सव्वादोनपट होते. मूळ फ्लायव्हील ओतीव लोखंडाचे असते. ते अशा वेगाला फुटले तर त्याचे तुकडे वरचे पातळ पत्र्याचे झाकण अडवू शकत नाही, आणि मिनीबाइकवर ते बसणाऱ्याच्या पोटरीपासून वीतभर अंतरावर असते. गव्हर्नर काढणारे जाणकार आधी बिलेटचे, म्हणजे धातूच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेले, फ्लायव्हील आणि तसाच रॉड बसवतात. संदेशात त्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही, आणि एवढ्याच कारणासाठी तो मुलांच्या हाती पडू नये.

ड्रिलबद्दल फार लिहायला नको. ०.७० मिलिमीटरचे भोक ०.८० केले की त्याचे क्षेत्रफळ ३० टक्क्यांनी वाढते, ड्रिलने आत राहिलेले ओरखडे आणि कडा प्रवाह बिघडवतात आणि मोठे झालेले भोक पुन्हा लहान करता येत नाही; नंबर असलेले जेट थोड्या डॉलरांत मिळतात. प्लगचा काळा, काजळीसारखा थर हे जास्त पेट्रोल जात असल्याचे लक्षण आहे, यशाचे नाही. मेन जेट तपासायचा तर इंजिन गरम झाल्यावर मोकळ्या जागी पूर्ण थ्रॉटल देऊन चोक (हवेची वाट अडवणारी झडप) किंचित ओढून पाहावा. इंजिन सुधारले तर मिश्रण लीन आहे. आणखी अडखळले तर मिश्रण लीन तरी नाही, मग एक नंबर लहान जेट घालून पुन्हा पाहावे.

राहिला गॅरेजचा सल्ला. रिच मिश्रणात कार्बनला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो, म्हणजे हा संदेश आधी विषारी वायू वाढवायला सांगतो आणि मग बंद जागेत बसायला. याच जातीची इंजिने ज्यांत बसवतात त्या पोर्टेबल जनरेटरवर अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २००७ पासून एक इशारा छापणे सक्तीचे केले आहे: घरात किंवा गॅरेजमध्ये, दारे-खिडक्या उघड्या असल्या तरीही, कधीही चालवू नये. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. बाहेर बर्फ पडत असेल तर ट्यूनिंग उन्हाच्या दिवसापर्यंत थांबवावे, आणि मिनीबाइक सुरू करायची ती अंगणात, घराच्या दारा-खिडक्यांपासून दूर नेऊनच.